फडतऱ्यांचे कान

"अपील मागं घ्यायचंय," फडतरे म्हणाले, आणि खाली झेरॉक्सच्या दुकानात उभ्या असलेल्या चौघांनी मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं.

फडतऱ्यांना हळू बोलणं जमतच नसे. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यानं तो किती मोठा आहे हे कशावरून ठरवायचं? मी त्यांच्याशी वहीत लिहून बोलायचे. त्यामुळे आमच्या प्रत्येक बोलण्यातली त्यांची बाजू साताऱ्याच्या कोर्टासमोरच्या अख्ख्या रस्त्याला कळे आणि माझी बाजू वहीत राही. वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता ती एवढीच.

मी वहीत लिहिलं, "का?" आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्यांनी वाचलं. "मन भरलं," म्हणाले.

त्यांनी टेबलावर एक अर्ज ठेवला. कोर्टाच्या फाटकापाशी बसणाऱ्या टायपिस्टाकडून करून आणला होता. 'मला अपील चालवण्याची इच्छा राहिलेली नाही, तरी ते काढून टाकावे ही नम्र विनंती.' चार ओळी. माझं आडनाव साबळे. ते 'साळवे' केलं होतं. खाली फडतऱ्यांची सही मात्र ठळक आणि सरळ, ओळीत उभ्या केलेल्या जवानांसारखी.

मला आश्चर्य वाटलं असतं तर बरं झालं असतं. मला अपमान वाटला. कारण नऊच दिवसांपूर्वी मी हा खटला जवळजवळ जिंकला होता, आणि त्या आनंदात वकिलांच्या बार रूममध्ये पेढे वाटले होते.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, स्वतःची पाटी लावून तीन वर्षं झाली होती आणि पाटी सोडली तर माझ्याकडे फारसं काही नव्हतं. अशा वेळी माझ्याकडे निवृत्त हवालदार निवृत्ती फडतरे आले. त्यांचं नाव वाचलं की प्रत्येक कचेरीतला कारकून हसायचा, "निवृत्त निवृत्ती." फडतऱ्यांना काय म्हणाला ते ऐकू यायचं नाही, पण समोरचा हसतोय म्हणून तेही हसायचे. ते पाहून कारकून ओशाळायचा आणि कामाला लागायचा. माझ्या वकिलीपेक्षा या हसण्यानं त्यांची जास्त कामं झाली असतील.

खटला असा होता. फडतरे बावीस वर्षं तोफखान्यात होते. त्यातली सोळा वर्षं तोफेपासून चार हातांवर. सैन्यातून सुटताना वैद्यकीय मंडळानं त्यांना तपासलं आणि लिहिलं, की दोन्ही कानांचं श्रवण जवळपास गेलेलं आहे, अपंगत्व चाळीस टक्के. मात्र या अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही. का नाही? तर शेवटची सहा वर्षं ते कोठारात होते, आणि कोठारात आवाज होत नाही. सेवेशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाचं पेन्शन नाही. त्यावर फडतऱ्यांनी पहिलं अपील केलं. ते फेटाळताना वरच्या कचेरीनं शेरा मारला, 'सदर जवानास कारणांची तोंडी समज देण्यात आली.' बहिऱ्या माणसाला तोंडी समज. दुसरं अपील उशिरा आलं म्हणून फेटाळलं, कारण पहिल्याचा निकाल त्यांना कुणीतरी फोनवर सांगितला होता. मग साखर कारखान्याच्या फाटकावर रखवालदारी मिळाली, ती आठ महिन्यांत गेली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला नाही.

त्यांना माझ्याकडे आणलं ते शालनताई घाडग्यांनी. शालनताई म्हणजे हवालदार सर्जेराव घाडग्यांच्या विधवा. सर्जेराव आणि फडतरे एकाच तोफेवर होते. वाळवंटातल्या एका सरावात तोफेचा अपघात झाला, सर्जेराव जागीच गेले. त्यांच्या गावातल्या शाळेला त्यांचं नाव दिलं आहे आणि शालनताईंना खास पेन्शन आहे. त्या पिठाची गिरणी चालवायच्या. पहिल्या दिवशी त्याच माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, फडतरे मागे उभे होते.

"आमच्या मालकांच्या वक्ताला हे भावजी तिथंच हुते," शालनताई म्हणाल्या. "कानातनं रगत आलं हुतं ह्यांच्या. मग सेवेचा संबंध न्हाई म्हंजे काय? बाई, त्या अपघाताची चौकशी झाली असंल की. त्यात लिहिलेलं असंल. ते कागद मागवा."

मी मान हलवली, जशी वकील अडाणी सूचनेला हलवतात तशी. अपघातातल्या जखमींच्या यादीत फडतऱ्यांचं नाव नव्हतं, हे मला समोरच्या जुन्या कागदांत दिसलं होतं. दीड वर्ष मी वैद्यकीय दाखले, कानाच्या डॉक्टरांची पत्रं, जुने निकाल असलं काय काय जोडत राहिले. आणि मग एके दिवशी आंघोळ करताना मला एकदम सुचलं, की मूळ चौकशीचे कागदच हजर करायला लावावेत. सुचलं कसलं, शालनताईंचं वाक्य दीड वर्षानं आठवलं होतं. पण मला ते सुचलं असंच वाटलं, आणि मी सगळ्यांना तसंच सांगितलं.

मुंबईतल्या सैन्यदल न्यायाधिकरणानं, जिथं आमचं हे तिसरं अपील होतं, माझा अर्ज मंजूर केला. चौकशीचे सगळे मूळ कागद पुढच्या तारखेला मोहोरबंद हजर करावेत, असा हुकूम झाला. सरकारी वकिलांचं नाव कर्णिक. कानांच्या खटल्यात कर्णिक, यावर मी दोन वर्षं विनोद करत होते. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला आणि घरी येताना दोन किलो कंदी पेढे घेतले.

फडतरे पेढा खात असताना मी वहीत लिहिलं होतं, "चौकशीचे मूळ कागद येणार. आता जिंकलो."

"कुठलं कागद?"

"सगळे."

"सगळं म्हंजे? जबान्या बी?"

मी 'सगळे' या शब्दाखाली रेघ ओढली. फडतऱ्यांनी उरलेला अर्धा पेढा वहीवर ठेवला आणि पाणी मागितलं. मला वाटलं, गहिवरले.

आता नऊ दिवसांनी हा अर्ज.

मी माझ्या बुद्धीप्रमाणे तर्क लढवले. कुणीतरी धमकावलं असणार. कुणीतरी काहीतरी देऊ केलं असणार. कर्णिकांचा माणूस गावात येऊन गेला असणार. मी एकेक लिहून विचारलं. फडतरे एकेक वाचत आणि "न्हाई" म्हणत. शेवटी मी लिहिलं, "माझ्यावर विश्वास नाही का?"

"हाय की," ते म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडं आलोय. न्हाईतर परस्पर पाठवला असता."

खालून झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "मॅडम, अर्जाच्या किती प्रती काढू?"

तारखेच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही मुंबईला निघालो. पाच तास हातात होते. पाच तासांत मी त्यांचं मन वळवणार होते. मी वही काढली आणि लिहायला लागले, की न्याय मिळत असताना तो नाकारणं हा तुमच्यासारख्या शेकडो जवानांवर अन्याय आहे. मला स्वतःला ते वाक्य फार आवडलं.

"गाडी हलतीय मॅडम," फडतरे म्हणाले, "अक्षर लागत न्हाई."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "अपील मागे घेऊ नका."

"घ्यायचं ठरलंय. कानाचं पेन्शन नको मला."

पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मागे वळले. निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी ते लगेच सांगितलं. "का हो नको? हक्काचं आहे."

फडतऱ्यांनी त्यांच्याकडे बघून हसून मान डोलावली.

"बघा, त्यांना पटतंय," मुख्याध्यापक मला म्हणाले.

वाईच्या फाट्यापर्यंत निम्म्या गाडीला खटला कळला होता. एक बाई म्हणाल्या, सरकारचं सोडू नये. एक तरुण म्हणाला, तो असता तर व्हिडिओ काढून टाकला असता. कंडक्टरचे मामा सैन्यात होते, त्यांच्या गुडघ्याचं प्रकरण त्यानं खंबाटकी घाट संपेपर्यंत सांगितलं. सगळे माझ्या बाजूचे होते आणि ज्याला पटवायचं त्याला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. पुण्याच्या पुढे फडतऱ्यांनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. मी रागानं घेतली नाही. मग भूक लागली तेव्हा मागायची लाज वाटली.

न्यायाधिकरणात दोघे जण बसतात, एक माजी न्यायमूर्ती आणि एक निवृत्त बडे लष्करी अधिकारी. कर्णिकांच्या समोर टेबलावर ते पुडकं होतं. खाकी कापडात शिवलेलं, लाखेच्या पाच मोहरा. फडतरे आत आले, सावधानात उभे राहिले, आणि त्यांनी एकदा त्या पुडक्याकडे पाहिलं. मग कितीतरी वेळ त्यांची नजर त्याच्यावरून हटलीच नाही. मला वाटलं, आता पश्चात्ताप होतोय.

मी अर्ज पुढे केला. न्यायमूर्तींनी वाचला. "स्वखुशीनं आहे ना?"

"ते त्यांनाच विचारावं, साहेब," मी म्हणाले. मी फार रागात होते.

"फडतरे, अपील स्वखुशीनं मागे घेताय? कुणाचा दबाव वगैरे?"

फडतरे पुडक्याकडे पाहत उभे.

"दबाव आहे का, विचारतोय."

पंखा तेवढा फिरत होता. कर्णिक उठले. "अपीलकर्त्याचं दबावाबद्दल काही म्हणणं नाही, साहेब. नोंद व्हावी."

"त्यांना ऐकू येत नाही, साहेब," मी म्हणाले. "खटला त्याबद्दलच आहे."

"अपील मागे घेतल्यावर तो मुद्दा उरत नाही," कर्णिक म्हणाले. आणि मला आजही मान्य करावं लागतं, की कायद्याच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं.

मी वहीत प्रश्न लिहून फडतऱ्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी वाचला आणि त्या खोलीत कवायतीच्या मैदानावरचा आवाज घुमला. "माझी खुशी, साहेब. दबाव न्हाई. आपला येळ घेतला, माफी असावी."

लष्करी सदस्य खुर्चीत सरळ झाले. इतक्या वर्षांनी त्यांना कुणीतरी योग्य आवाजात उत्तर दिलं असावं. ते खूश दिसले.

एक गोष्ट मात्र मला करायचीच होती. अपील मागे घेताना 'पुन्हा दाखल करण्याची मुभा' मागून ठेवायची असते. ती मागितली की दार उघडं राहतं. न मागितली तर कायमचं बंद. पहिल्या वर्षाच्या वकिलालाही हे ठाऊक असतं. मी वहीत लिहिलं, "मुभा मागून ठेवते. पुढे कधी मन बदललं तर."

फडतऱ्यांनी वाचलं. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. एकदा नाही, तीनदा. मग पेन परत दिलं.

"मुभा मागताय?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"नाही, साहेब," मी म्हणाले. माझ्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी वकिलानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोर्टात चप्पल काढून बसले होते.

निकाल सहा ओळींचा. 'अपीलकर्त्यास विचारले असता आपली कोणतीही तक्रार नसल्याचे त्याने स्पष्ट व मोठ्या आवाजात सांगितले. अपील मागे घेतल्याने निकाली.' पुडकं न उघडता परत न्यावं, असाही हुकूम झाला. कर्णिकांच्या कारकुनानं ते लोखंडी पेटीत ठेवून कुलूप लावलं. कुलूप लागेपर्यंत फडतरे हलले नाहीत. मग त्यांनी सावकाश श्वास सोडला आणि मला म्हणाले, "चला, मॅडम." न्यायमूर्ती पुढचं प्रकरण घेत होते, तेही थांबले.

बाहेर कर्णिक भेटले. "समंजस आहे तुमचा अशील," म्हणाले. "खरं सांगू? ते पुडकं मीसुद्धा उघडलं नव्हतं. इतकं शिवलेलं कोण उसवत बसतं."

परतीच्या गाडीत मी एक अक्षर लिहिलं नाही. सातारा पंचवीस-तीस किलोमीटर राहिला तेव्हा फडतऱ्यांनी माझ्या बाकाला टिचकी मारली. "मॅडम, हितं उतरू. वैनीकडं जायचंय. तुमी बी चला."

मी हातानं नाही म्हणाले.

"मला एकट्याला न्हाई जमायचं," ते म्हणाले. गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी उतरले.

शालनताईंचं गाव महामार्गापासून दीड किलोमीटर आत. दोन्ही बाजूंना आल्याची शेतं होती, दिवस मावळायला आला होता. अर्ध्या वाटेवर फडतरे थांबले. पुढे पाहिलं, मागे पाहिलं, बांधावर चढून शेतात पाहिलं. कुणी नव्हतं. मग ते जितकं हळू बोलता येईल तितकं हळू बोलले. म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढं.

"त्या दिवशी गोळा सुटला न्हाई," ते म्हणाले. "चाप वढला, गोळा आतच. मग कायदा असा हाय, की थांबायचं. मिनिटं ठरल्याली असत्यात. तोवर तोफेचं मागचं दार उघडायचं न्हाई. घड्याळ माझ्या हातात. वेळ सांगायचं काम माझं."

मी वही काढली. त्यांनी हातानं थांबवलं.

"मोठे पाहुणे आलेले. लांब मंडप घातलेला, दुर्बिणी लावून बसल्याले. आमचे कर्नल साहेब वायरलेसवर सारखे विचारत हुते, काय झालं, का थांबलाय, पाहुण्यांची जेवणाची वेळ झाली. तीनदा विचारलं. चौथ्यांदा शिवी दिली. मी सर्जेरावास्नी सांगितलं, अजून चार मिनिटं हायत. त्यांनी आम्हां पोरांना मागं सारलं. सगळ्यास्नी. म्हणाले, तुम्ही लांब व्हा, मी बघतो. आन् दार उघडलं."

त्यांनी पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं.

"घड्याळ दावायला मी परत पुढं गेलो हुतो, म्हणून माझे कान गेले."

काढून ठेवलेल्या आल्याच्या पोत्यांचा वास येत होता. मी वहीत लिहिलं, "चौकशीत काय ठरलं?"

"गोळ्यात दोष हुता, असं ठरलं. कुणाची चूक न्हाई. पण ते नंतर. पयल्यांदा दवाखान्यात एक साहेब आले जबानी घ्यायला. मला काय ऐकायला येईना, तर त्यांनी कागद-पेन्सिल दिली, म्हणाले असतील काय झालं ते लिही. मी लिहिलं. सर्जेरावांनी चार मिनिटं आधी दार उघडलं, म्या सांगत असताना उघडलं. साहेबांचं वायरलेसचं बी लिहिलं. सही केली. भोळा हुतो मॅडम, खरं लिहायचं असतं एवढंच माहीत. आठ दिवसांनी कर्नल साहेब स्वतः आले. त्यांनी बी लिहून दावलं. घाडगे शहीद व्हतोय, त्याच्या बायकोचं भलं व्हतंय, तू आता गप राहा. तुझं नाव आम्ही जखमींत घालत न्हाई. घातलं तर तू साक्षीदार व्हशील, आन् जबानी वर येईल. मी मान हलवली."

"मग अपील कशाला केलंत?" मी लिहिलं.

"वैनी मागं लागल्या. दर महिन्याला येऊन बसायच्या. मला वाटलं, डॉक्टरच्या कागदांवर काम होईल. ते पुडकं येईल असं कुठं ठाव हुतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची बी चूक न्हाई. तुम्ही चांगलंच काम केलं."

माझ्या तोवरच्या वकिलीतली सर्वांत हुशार खेळी अशी होती, की तिनं माझ्याच अशिलाचा खटला बुडवला होता. मी अजूनही वकीलच होते, म्हणून मी लिहिलं, "दोष कर्नलांचा आहे. ते आपण सिद्ध करू शकतो."

अंधूक उजेडात त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर मनापासून हसले.

"कागद खालून वाचत्यात, मॅडम. सगळ्यात खाली नाव सर्जेरावांचं. त्याच्याखाली सही माझी."

सर्जेरावांच्या चुकीची नोंद बाहेर आली असती तर शालनताईंचं पेन्शन गेलं असतं का? कायद्यानं ते इतकं सोपं नव्हतं. पण कर्णिकांसारख्या माणसाला दुपारच्या जेवणाआधी ते सुरू करता आलं असतं, आणि एकदा सुरू झालेलं कुठं थांबतं हे मी फडतऱ्यांच्या फायलीत पाहिलंच होतं. शिवाय त्या शाळेवरचं नाव. शालनताईंची मुलगी तेव्हा नर्सिंगला होती.

"वैनीला काय सांगायचं?" फडतरे म्हणाले. "मला खोटं जमत न्हाई. माझं सगळं मोठ्यानं निघतं. तुमी वकील. तुमास्नी जमंल."

माझ्या शिक्षणाचा इतका नेमका गौरव त्याआधी कुणी केला नव्हता.

गिरणी चालू होती. शालनताईंच्या भुवयांवर, दंडांवर पीठ बसलं होतं, आणि कुणाची तरी ज्वारी दळायला पडली होती. गिरणीत सगळेच ओरडून बोलतात. फडतरे दारातून आत आले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज भोवतालच्या मापाचा वाटला. "वैनी, आलो," ते म्हणाले आणि पोत्यावर जाऊन बसले.

"काय झालं?" शालनताईंनी मला विचारलं.

"हरलो," मी ओरडले. खोटं बोलायचं, तेही ओरडून.

"कसं हरलो? चौकशीचं कागद मागवलं हुतं का न्हाई?"

फडतऱ्यांनी त्यांना हुकुमाचं काही सांगितलंच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं कागद आलेच नव्हते. मी विचार केला, न्यायाधिकरणानं नकार दिला म्हणावं. पण मग त्या दुसरा वकील घेऊन नकाराविरुद्ध गेल्या असत्या. शालनताई तशा बाई होत्या. एकच उत्तर असं होतं, की ज्याच्यापुढे रस्ता नव्हता.

"मागवायचे राहून गेले," मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जाऊन खटका ओढला. पट्टा सावकाश थांबला, जातं थांबलं. एवढी शांतता झाली की दूर कुणाचा तरी पंप चालू होता तो ऐकू यायला लागला.

"परत बोला," त्या म्हणाल्या.

"कागद मागवायचे राहून गेले," मी साध्या आवाजात म्हणाले. ओरडून सांगणं सोपं होतं. "लक्षात आलं नाही माझ्या."

"मी पयल्याच दिवशी सांगितलं हुतं."

"हो."

"मी सातवी शिकलेली. मला सुचतं ते तुमास्नी सुचत न्हाई?"

"चुकलं माझं."

"तुमचं चुकलं आन् ह्या माणसाचं आयुष्य गेलं." त्या अजूनही आवाज चढवत नव्हत्या. "कारखान्यावरनं काढलं ह्यास्नी. घरात बायको दुसऱ्याच्या रानात जाती. तुमची पाटी बघून आले मी, चांगली रंगवल्याली हुती. परत अर्ज करता येतोय का?"

"नाही. त्याची मुभाही मागायची राहिली."

त्यांना मुभेतलं काही कळलं नसावं, पण 'राहिली' हा शब्द कळला. फडतरे पोत्यावरून कधी माझ्या तोंडाकडे, कधी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शालनताईंनी चार किलो पीठ मापून त्यांच्या पिशवीत ओतलं, पिशवीचं तोंड बांधून त्यांच्या हातात दिलं. मग मला म्हणाल्या, "शेवटची गाडी साडेसातला हाय. फाट्यावर लौकर जावा."

चहाचं विचारलं नाही. त्या भागात दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात.

पुढं शालनताईंनी कराडचा एक वकील गाठला. त्याचा मला फोन आला. "बाई, मुभासुद्धा मागितली नाहीत?" तो म्हणाला, "कागद मागवले नाहीत?" म्हणजे त्यानंही फाइल वाचली नव्हती. मी म्हणाले, नवीन होते. तो पुष्कळ हसला. तीन-चार वर्षांनी नव्या वकिलांच्या एका शिबिरात तो व्याख्यानाला आला होता. अपील कसं घालवू नये, याचं त्यानं एक उदाहरण दिलं. नाव सांगितलं नाही, सौजन्य म्हणून. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि पहिल्या दोन रांगा मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. मीही मागे वळून पाहिलं, कुणाकडे बघतायत म्हणून.

फडतरे आणखी आठ वर्षं जगले. त्यांच्या दहाव्याला मी गेले होते. नदीवर बरीच माणसं होती. शालनताई फडतऱ्यांच्या बायकोला धरून बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत, शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "ह्याच त्या बाई."

बायकांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मी फडतऱ्यांच्या बायकोला नमस्कार केला, शालनताईंना केला. एकीनं घेतला.

मागच्या वर्षी शालनताईही गेल्या, म्हणून हे लिहिते आहे. त्यांच्या गावातून आजवर माझ्याकडे एकही अशील आलेला नाही.